शून्याखालून निघालेली रेषा

"ताई, काटा चोर हाय का मी चोर हाय, येवढंच आज सांगून जा," माणिकआप्पा वरून म्हणाले. "तिसरं काही असंल तं तेबी सांगा."

मी तेव्हा काट्याखालच्या खड्ड्यात होते. गुडघाभर चिखल, हातात टॉर्च, डोक्यावर लोखंडी प्लॅटफॉर्म. अशा जागी कोणाला धीर देणं जमत नाही. "वर येते, मग सांगते," एवढंच म्हणाले.

ट्रक, ट्रॅक्टर उभे करून वजन करतात तो रस्त्याकडेचा मोठा काटा तुम्ही पाहिला असेल. तो बिघडला की मला फोन येतो. मी हिंगोलीला राहते, एका लहानशा कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर आहे. नव्या ठिकाणी गेले की लोक आधी माझ्या मागे बघतात, साहेब कुठे आहेत म्हणून. मागे फक्त वजनांची गाडी असते. त्याची मला आता सवय झाली आहे, त्यांनाही अर्ध्या तासात होते.

आप्पांचा काटा सेनगावहून साखऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. शेजारी सोयाबीन घेणाऱ्या व्यापाऱ्याचं आवार. शेतकरी भरलेली ट्रॉली आधी काट्यावर चढवतो, मग व्यापाऱ्याकडे माल उतरवतो आणि रिकामी ट्रॉली पुन्हा काट्यावर आणतो. भरलेल्यातून रिकामी वजा केली की माल किती ते कळतं. साधा हिशेब आहे आणि आप्पा तो बरीच वर्षं इमानाने करत आले होते.

त्या हंगामात मात्र बोभाटा झाला. साखऱ्याचे दत्तराव भर पारावर म्हणाले, की आप्पाचा काटा चार क्विंटल खातो. दत्तराव आणि आप्पा एका बाकावर बसून शिकलेले. दत्तरावांच्या लेकीच्या लग्नात पंगतीला वाढायला आप्पा उभे होते. आता दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. दत्तराव रस्त्याने गेले की आप्पा काट्याच्या खोलीत जाऊन बसायचे.

मी खड्ड्यातून वर आले तेव्हा माझ्या बॅगेत एका बैलाने तोंड घातलं होतं. लाल कंधारी, म्हातारा, शिंगं मागे वळलेली. डब्यातल्या भाकरीचा वास लागला असणार.

"पाखऱ्या, हट," आप्पा म्हणाले, पण असं म्हणाले की बैलाने ते मनावर घेतलं नाही. "ह्याचा जोडीदार गेला आन् आमी शेती ट्रॅक्टरवर टाकली. याला इकायचं जीवावर आलं. राहून राहिला इथंच."

"खड्ड्यात काही नाही, आप्पा," मी म्हणाले. "लोड सेल सगळे ठीक आहेत."

लोड सेल म्हणजे प्लॅटफॉर्मच्या खाली बसवलेले पोलादाचे ठोकळे. गाडी चढली की ते केसभर दबतात. किती दबले ते तारेतून खोलीतल्या डब्याला कळतं. त्या डब्याला इंडिकेटर म्हणतात. त्याच्यावर लाल आकडे उमटतात आणि सगळं गाव त्या आकड्यांकडे टक लावून बघतं. लबाडी करायची असेल तर या तारेत एखादं रिमोटवर चालणारं यंत्र जोडतात. मी तार टोकापासून टोकापर्यंत तपासली होती. उंदरांनी कुरतडलेलं थोडंसं प्लास्टिक सोडलं तर तिच्यात काही सापडलं नाही.

मग वजनं काढली. आमच्याकडे वीस-वीस किलोची तपासलेली वजनं असतात. आधी प्लॅटफॉर्म झाडून घेतला. ट्रॉल्यांतून सांडलेले सोयाबीनचे दाणे कडेकडेला बरेच होते. मग रिकाम्या काट्याचा आकडा बघितला, शून्य. अर्धा टन ठेवला, अर्धा टन दाखवला. एक टन ठेवला, एक टन. मग आवारात उभा असलेला एक ट्रॅक्टर चढवला आणि त्याच्यावर वजनं वाढवत गेले. जेवढी वाढवली, तेवढाच आकडा वाढला. चारही कोपऱ्यांवर तेच.

मी पिशवीतून आलेखाचा कागद काढला. लोकांना वाटतं हे शाळेतच संपतं. माझ्या कामात रोज लागतं. आडव्या अक्षावर खरं वजन घ्यायचं, उभ्या अक्षावर काट्याने दाखवलेलं. निरोगी काट्याचे ठिपके जोडले की सरळ रेषा येते. ती शून्यातून निघते आणि एकाला एक अशी चढते. तिचं समीकरण y = x. खरं तेवढंच दिसतं, बस.

आप्पांच्या काट्याची रेषा अगदी तशीच आली. पट्टी लावून बघितली, एक ठिपका इकडचा तिकडे नव्हता. इतकी देखणी रेषा कंपनीतून निघालेल्या नव्या काट्याचीही येत नाही.

"म्हंजी काटा चोर न्हाई," आप्पा म्हणाले.

"नाही."

"मग मीच राहिलो."

आतून मावशी, म्हणजे आप्पांची बायको, चहा घेऊन आल्या. त्या कपबशी ठेवता ठेवता म्हणाल्या, "रोज रातच्याला म्हणून राहिले, उद्या कुलूप लावतो. आज तुमी काही सांगितलं न्हाई तं खरंच लावतील. जेवण न्हाई धड त्यांचं."

तेवढ्यात आमच्या साहेबांचा फोन आला.

"अजून तिथेच? वसमतचा काटा सकाळपासून बंद आहे."

"सर, इथे काटा बरोबर दाखवतोय."

"लोक काय म्हणतायत?"

"कमी येतंय म्हणतायत."

"मग स्पॅन दे थोडा वाढवून. सह्या घे आणि निघ."

"सर, रेषा सरळ आहे. शून्यातून जातेय."

"म्हणजे लोक खोटं बोलतायत."

"तसंही वाटत नाही."

"दोघं खरे कसे असतील गं?"

"तेच बघतेय," मी म्हणाले आणि त्यांनी आणखी काही म्हणायच्या आत रेंज गेली. सेनगाव तालुक्यात रेंज कधीकधी माणसाच्या मदतीला येते.

स्पॅन म्हणजे काय ते सांगते, कारण पुढची गोष्ट त्याच्यावर आहे. इंडिकेटरमध्ये आम्ही दोनच गोष्टी बसवतो. एक शून्य, म्हणजे रेषा कुठून निघणार. दुसरा स्पॅन, म्हणजे ती किती चढणार. काट्याचे आजारही त्यामुळे ढोबळमानाने दोनच. रेषेचा चढ बिघडला, तर गाडी जितकी जड तितकी चूक मोठी. शून्य बिघडलं, तर चढ तोच राहतो, पण अख्खी रेषा वर किंवा खाली सरकते. मग लहान गाडीलाही तेवढीच चूक आणि मोठ्या गाडीलाही तेवढीच.

शाळेत आम्हाला जोड्या लावायला असायच्या. डाव्या बाजूला रेषा काढलेल्या, उजव्या बाजूला समीकरणं. वर्गातली निम्मी मुलं अंदाजाने लावायची. आमच्या गणिताच्या बाई म्हणायच्या, दोनच प्रश्न विचारायचे. रेषा उभ्या अक्षाला कुठे कापते? आणि किती चढते? दोन उत्तरं मिळाली की जोडी आपोआप लागते. बाईंना काय ठाऊक, मी पुढे याच्यावर पोट भरणार आहे.

पण जोडी लावायला आधी रेषा हवी. माझ्याकडे निरोगी काट्याची रेषा होती. आजारी काट्याची नव्हती.

"आप्पा, दत्तरावांना बोलवा," मी म्हणाले.

"मी न्हाई बोलवणार."

"मग नंबर द्या, मी बोलवते."

"त्याचा नंबर मी कशाला ठिवू?" असं म्हणून त्यांनी न बघता, तोंडपाठ, दहाचे दहा आकडे सांगितले.

दत्तराव मोटारसायकलवर आले. पांढरी टोपी, कपाळाला आठी. त्यांच्याबरोबर आणखी दोन-चार माणसं आली, तमाशा बघायला असावीत. आप्पा खोलीच्या दारात उभे, दत्तराव लिंबाखाली. मध्ये मी आणि पाखऱ्या.

"तुमी कंपनीच्या," दत्तराव मला म्हणाले. "कंपनी त्याइचीच बाजू घेणार."

"मी काट्याची बाजू घेते, काका. तुमचं किती कमी आलं?"

"सेनगावात दुसऱ्या काट्यावर भरलेली ट्रॉली तोलली. तिथून शिद्धा इथं आलो. मधात चहालाबी थांबलो न्हाई." त्यांनी मोबाइल काढून दोन्ही काट्यांच्या आकड्यांचे फोटो दाखवले. तिकडे पाच हजार आठशे साठ किलो. इकडे पाच हजार चारशे ऐंशी.

"असं नेहमी होतं?"

"न्हाई ना. तीच तं तकलीफ हाय. कधी बराबर येते, कधी खाते. काहून? मालकाच्या मनात आलं म्हणजी खाते."

दारात आप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढून पुन्हा घडी घातली.

बरोबरच्या लोकांत रशीदभाई होते, त्यांची पिकअप आहे. ते म्हणाले, "मेरा बी वैसाच हुआ था, ताई. उधर दो हजार नौसो चालीस, इधर दो हजार पाचसो सत्तर." आणि एका ट्रकवाल्याचा आकडा त्यांना तोंडपाठ होता, कारण त्याने त्यावरून दिवसभर डोकं खाल्लं होतं. तिकडे चौदा हजार दोनशे सत्तर, इकडे तेरा हजार आठशे ऐंशी.

मी लिंबाखालच्या ओट्यावर कागद पसरला. लोक वाकून बघायला लागले. पाखऱ्याही बघायला लागला, त्याला बाजूला करावं लागलं.

आधी पिकअपचा ठिपका, मग ट्रॅक्टरचा, मग पार वर ट्रकचा. पट्टी ठेवली. तिन्ही ठिपके एका रेषेत आले. ती रेषा सकाळच्या रेषेच्या खाली होती, पण तिच्या अगदी बरोबरीने चालली होती, एका शेतात नांगराने ओढलेल्या दोन तासांसारखी. कुठे जवळ येत नव्हती, कुठे लांब जात नव्हती.

"हे काय निघालं?" दत्तरावांनी विचारलं. आठी अजून होती, पण ती आता कागदाकडे वळली होती.

"तुम्हीच सांगा. पिकअपला किती कमी आलं?"

"तीनशे सत्तर."

"आणि ट्रकला? ट्रक तर पिकअपच्या जवळजवळ पाचपट आहे."

त्यांनी मनात वजाबाकी केली. "तीनशे नव्वद."

"काटा प्रमाणात खात असता तर ट्रकमागे अठराशेच्या आसपास खाल्ले असते. हा सगळ्यांकडून सारखंच घेतोय. दहा-वीस किलो इकडेतिकडे दोन काट्यांत होतंच. म्हणजे चढ बरोबर आहे, एकाला एक. फक्त रेषा खालून निघतेय." मी पट्टीने रेषा मागे नेली. ती उभ्या अक्षाला शून्याच्या खाली कापत होती, साधारण उणे तीनशे ऐंशीला. मी कडेला समीकरण लिहिलं. y = x − 380.

जोडी लागली होती. साहेबांच्या सांगण्याप्रमाणे मी स्पॅन वाढवला असता, तर ट्रॅक्टर बरोबर आला असता आणि ट्रक पाच-सहाशे किलोने फुगला असता. आणि काटा ठीक असेल त्या वेळी तर सगळेच फुगले असते. आजार पायाचा आणि पट्टी डोक्याला, असा प्रकार झाला असता.

पण जोडी लागली म्हणून कोडं सुटलं नव्हतं. काट्यावर तीनशे ऐंशी किलोचं काहीतरी असताना कोणीतरी त्याला शून्य म्हणत होतं. आणि तेही कधीकधीच.

"आप्पा, तुम्ही झिरोचं बटण कधी दाबता?"

"गाडी उतरली की लगेच. काटा बसवला तवा तुमच्याच इंजिनेरनं शिकवलं होतं. गाडी उतरली, झिरो दाब. एक दिवस चुकलो न्हाई."

"उतरल्यावर? चढायच्या आधी नाही?"

"उतरल्यावर."

ही सवय चांगलीच होती. म्हणजे एका गाडीच्या वेळी शून्य बिघडलेलं असलं, तरी ती उतरल्यावर आप्पा नकळत ते दुरुस्त करत होते. पुढची गाडी बरोबर येणार. म्हणूनच मला सकाळपासून काही सापडत नव्हतं.

मी दत्तरावांकडे वळले. "त्या दिवशी तुमच्या आधी कोणाची गाडी होती?"

"कोणाचीच न्हाई. मी पैला होतो. लाईट गेली होती ना. घंटाभर बसलो इथंच, ह्याच ओट्यावर. लाईट आली की पैले मीच चढलो."

"मैं बी," रशीदभाई म्हणाले. "लाइट आयी, मैंने चढाया."

"आणि तो ट्रकवाला?" मी विचारलं.

"वो तो दोपहर से बैठा था लाइट के वास्ते. इसीलिए तो दिमाग खाया."

मी खोलीत गेले आणि इंडिकेटर उघडला. आत एक छोटी बॅटरी असते. लाईट गेली तरी इंडिकेटर चालू राहावा म्हणून. ती फुगून केव्हाच मेली होती. म्हणजे लाईट गेली की इंडिकेटर बंद, लाईट आली की नव्याने चालू. आणि चालू होताना तो एक गोष्ट करतो. त्या क्षणी प्लॅटफॉर्मवर जे काही असेल त्याला शून्य धरतो. चिखल, पावसाचं पाणी वजनात येऊ नये म्हणून ही सोय केलेली आहे.

"लाईट नसताना काट्यावर काय असतं, आप्पा?"

"काही नसते. लाईट गेली की मी कोणाला काट्यावर जाऊ देत न्हाई. माणूसबी न्हाई. माझा कायदा हाय."

"खरं हाय," दत्तराव म्हणाले. पंधरवड्यात आप्पांच्या बाजूने त्यांनी म्हटलेला हा पहिला शब्द असावा. "लई कडक हाय त्या बाबतीत."

मी म्हणाले, "मग आपण लाईट घालवूच."

आप्पांनी मेन स्विच खाली ओढला. लाल आकडे विझले. बाहेर एक ट्रॅक्टर रांगेत आला होता, त्यालाही इंजिन बंद करायला सांगितलं. सगळीकडे शांत झालं. मावशींनी पुन्हा चहा टाकला. लोक ओट्यावर बसले, सोयाबीनच्या भावावर बोलायला लागले. दत्तराव एका टोकाला, आप्पा दुसऱ्या. चहा मात्र दोघांनी घेतला.

पहिला घोट घेऊन होतो न होतो तोच पाखऱ्या उठला. त्याने एकदा रस्त्याकडे बघितलं. गाडी नाही, इंजिनचा आवाज नाही, हाकलायला कोणी नाही. मग तो घरचं जोतं चढावं तसा, एक एक पाय जपून टाकत, काट्यावर चढला. मान खाली घातली आणि फटींतले सोयाबीनचे दाणे जिभेने टिपायला लागला.

मी सकाळी प्लॅटफॉर्म झाडला होता. पण त्यानंतर एक ट्रॉली येऊन गेली होती.

आप्पा सवयीने उठले. "हट..."

"आप्पा, बसा," मी म्हणाले. "कोणी त्याला हाकलू नका."

बैल रोजचाच, त्यामुळे तो काट्यावर आहे हे आजवर कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. दत्तरावांचा कप हातातच राहिला. रशीदभाई हळूच "या अल्ला" म्हणाले.

"आप्पा, आता रोज करता तसंच करा. लाईट आली असं समजा."

आप्पांनी स्विच वर केला. इंडिकेटर चालू झाला, आकडे धावले. त्या डब्याच्या वर औंढ्याच्या नागनाथाचा फोटो आहे. आप्पांनी फोटोला हात जोडले, डोळे मिटले आणि ओठांत पुटपुटायला लागले. लाईट आली की हात जोडायचे, ही त्यांच्या घरची रीत. आमच्याही घरी आहे. तुमच्याही असेल.

त्यांचे डोळे मिटलेले असताना मी आकडा बघत होते. प्लॅटफॉर्मवर चार पायांचा, दोन शिंगांचा, धडधाकट बैल उभा होता. आणि इंडिकेटर म्हणत होता, शून्य.

"आता ट्रॅक्टर घ्या," मी बाहेरच्या ड्रायव्हरला म्हणाले. त्याने रोजच्यासारखा हॉर्न दिला. हॉर्न ऐकताच पाखऱ्या खाली उतरला, सराईतपणे, काही घडलंच नाही अशा तोऱ्यात. आकड्याच्या पुढे एक बारीकशी आडवी रेघ आली. उणे तीनशे ऐंशी. तेवढ्यात ट्रॅक्टर चढला आणि रेघ नाहीशी झाली. मग नागनाथाला शेवटचा नमस्कार करून आप्पांनी डोळे उघडले. समोर एक नीटनेटका, खरा वाटणारा, पण तीनशे ऐंशीने कमी असलेला आकडा होता.

"आप्पा, तुमचे डोळे मिटलेले असतात तेवढ्यात सगळं होऊन जातं," मी म्हणाले.

मी ट्रॅक्टर उतरवला, झिरो दाबलं आणि खात्रीसाठी पाखऱ्याला पुन्हा काट्यावर आणलं. त्यासाठी फार आग्रह करावा लागला नाही. तीनशे ऐंशी. कागदावरच्या रेषेने सांगितलं होतं तेवढंच.

आधी मावशी हसल्या. मग सगळेच. आप्पा हसले नाहीत. ते बैलाच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पंधरा दिवस हा माणूस स्वतःच्याच इमानावर संशय घेत बसला होता. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी वजनं गाडीत भरायला लागले.

दत्तराव माझ्या मागे आले. आवाज खाली होता.

"ताई, एक इचारू? समजा भरलेली गाडी आधी तोलली, बराबर आली. मग लाईट गेली. आन् लाईट आल्यावर पैली गाडी रिकामी चढली, तं?"

"तर रिकामी गाडी तीनशे ऐंशीने हलकी दिसणार. म्हणजे माल तेवढाच जास्त भरणार. शेतकऱ्याचा फायदा."

दत्तरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आप्पा, दसऱ्याच्या टायमाला माझी एक ट्रॉली जास्तीची भरली होती. घरी अंदाज काढला त्याच्यापरीस चार क्विंटल वर. मी बायकोला म्हटलं, औंदा दाणा टपोरा हाय."

"मला न्हाई सांगितलं," आप्पा म्हणाले.

"काहून सांगू? तवा मला तुझा काटा लई इमानदार वाटला."

मग आप्पा हसले. दत्तराव ओट्यावर त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि मावशींना म्हणाले, "वैनी, अजून एक चहा टाका. साखर घाला जरा, पंधरा दिवस झाले." व्यापाऱ्याला तो जास्तीचा माल सांगायचा की नाही, यावर पुढे दोघांचं बरंच बोलणं झालं. दत्तराव सांगायला उठून गेले, एवढं मी पाहिलं.

माझं काम मग फार नव्हतं. नवी बॅटरी बसवली. चालू होताना आपोआप शून्य धरण्याची सोय बंद केली. स्पॅनला हात लावला नाही, त्याच्यावरचं सरकारी सील होतं तसंच राहिलं. साहेबांना फोन करून सांगितलं, दुरुस्ती झाली.

"काय निघालं?"

"बैल."

"रिपोर्टमध्ये काय लिहिणार?"

"बाह्य भार."

"बरं," साहेब म्हणाले. "वसमतला जा."

निघताना ओट्यावर कोणीतरी सुचवलं, की बैलाला बांधून ठेवा, नाहीतर देऊन टाका, कटकट नको. दत्तरावच त्याच्यावर वसकले. "ह्याच्या पायी मी माझ्या दोस्ताला चोर म्हणलं. आता ह्यालाबी घालवू? राहू द्या त्याला. दाणे झाडून त्याला बाजूला टोपल्यात टाकत जा, म्हंजी चढणार न्हाई."

तसंच ठरलं. आप्पांनी आलेखाचा कागद मागून घेतला आणि नागनाथाच्या शेजारी चिकटवला, दोन्ही रेषांसकट. मी त्यांना एकच सांगितलं. लाईट आली की आधी आकडा बघा, मग हात जोडा.

"देव रागावला तं?"

"त्याला सांगा, काट्यावरच्या बाईने सांगितलंय."

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण संक्रांतीनंतर आप्पांचा फोन आला. आवाजात काळजी होती.

"ताई, काटा पुन्हा चुकून राहिला. आता जास्त दाखवून राहिला."

"कशावरून म्हणता?"

"दर महिन्याला मी काटा तपासतो ना. पाखऱ्याला चढवून. वजन माहीत हाय म्हणून. पैले तीनशे ऐंशी, मंग चारशे, आन् आज चारशे वीस. दत्तूबी इथंच हाय, तोबी म्हणते, काटा बिघडला."

मी गाडीची किल्ली हातात घेतली होती. पुन्हा ठेवली.

"आप्पा, त्या टोपल्यात दाणे कोण टाकतं?"

"सगळेच टाकतेत. येणारा प्रत्येक ड्रायव्हर मूठभर टाकून जाते. दत्तू तं घरून पेंड आणते त्याच्यासाठी."

सांगता सांगता आप्पांनाच ते उमगलं असावं, कारण फोन बाजूला धरून ते म्हणाले, "दत्तू, काटा बराबर हाय."

वीस वर्षं मी काटे तपासते आहे. शिकले ते एवढंच, की रेषेवर संशय घेण्याआधी ज्याला आपण पक्कं वजन समजतो ते काय खातंय, ते विचारून घ्यावं.